जुन्या पीएस३ वर कॉल ऑफ ड्यूटी ऑनलाइन अजून चालतंय का? बेळगाव-खानापूर-निपाणीवाल्यांनो सांगा की

शहापूर_स्नायपर
परवा माळ्यावरचं सामान काढालो होतो, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागं माझा जुना पीएस३ (सोनीचा प्लेस्टेशन ३ कन्सोल) सापडला. जाडा मॉडेल. सोबत दोन कंट्रोलर, त्यातल्या एकाच्या डाव्या स्टिकचं रबर पार झिजून गुळगुळीत झालंय. डिस्का तीन: मॉडर्न वॉरफेअर २, ब्लॅक ऑप्स २ आणि बॅटलफील्ड ३. लावला, एक बीप आला, हिरवा दिवा लागला आणि मी तिथंच मांडी घालून बसलो, बायको म्हणाली जेवायला ये, तासाभरानं गेलो.

आता मुद्द्याचं. आम्ही तिघं मित्र. मी शहापुरात, एक खानापूरला, त्याच्याकडं पण पीएस३ आहे. तिसरा पुण्यात, त्याच्याकडं एक्सबॉक्स वन. ब्लॅक ऑप्स २ आलेला १३ नोव्हेंबर २०१२ ला, त्याच दिवशी दिवाळी होती. अंगणात किल्ला, किल्ल्यावर मावळे, आणि आमचं लक्ष सगळं डिस्क कधी मिळते याच्याकडं. सात वर्षं झाली तिघं एकत्र काही खेळलो नाही. तिघांना एका लॉबीत (मॅचआधी खेळाडू जमतात ती जागा) आणायचंय. कुठला गेम अजून ऑनलाइन चालतो? पीएस३ आणि एक्सबॉक्स एकत्र जुळतात का? माझ्याकडं नॅट टाइप ३ दाखवालंय, त्याचं काय करायचं?

राउटर_अण्णा
पीएस३ आणि एक्सबॉक्स एकत्र नाही जुळत. कधीच जुळत नव्हते. कॉल ऑफ ड्यूटीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या कन्सोलवर एकत्र खेळणं २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरपासून सुरू झालं, त्याच्या आधीच्या गेममध्ये ती सोय नाही. नॅटबद्दल रात्री सविस्तर लिहितो, आता दुकानात गिऱ्हाईक आहे.

डिस्कवाला
बॅटलफील्ड ३ ची डिस्क बाजूला ठेवा. पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वरचे बॅटलफील्ड ३, ४ आणि हार्डलाइन या तिघांचं ऑनलाइन ७ नोव्हेंबर २०२४ ला बंद झालंय. बॅड कंपनीचे दोन्ही भाग आणि १९४३ तर २०२३ च्या डिसेंबरमध्येच गेले. कॅम्पेन (एकट्यानं खेळायचा भाग) चालेल, मल्टिप्लेअरवर गेलात की जोडणी होत नाही म्हणून सांगतो. ब्लॅक ऑप्स २ आणि मॉडर्न वॉरफेअर २ मात्र चालतात.

कुंदा_पावशेर
बॅटलफील्ड ३ गेला?? मला आत्ता कळालं 😢 कॅस्पियन बॉर्डरवर जेट उडवायला शिकण्यात माझी अख्खी बारावी गेली.

डिस्कवाला
@कुंदा_पावशेर, पीसीवर आहे अजून. आणि पीएस४ असेल तर बॅटलफील्ड ४ तिथं चालू आहे, ते पण ६४ जणांचं. पीएस३ वर आपण २४ जण खेळायचो, त्यामुळं तेवढ्या मोठ्या नकाशात निम्मा वेळ माणूस हुडकण्यात जायचा.

चंदगडी_काजू
सरळ सांगतो, राग मानू नका. एवढा खटाटोप कशाला? फोनवर बीजीएमआय गेम टाका, तिघं पाच मिनिटात एका लॉबीत. नाहीतर पीएस४ घ्या जुना. पंधरा वर्षांच्या मशीनवर वेळ घालवून काय मिळणार? पुढंमागं कंपनी हे सर्व्हर पण बंद करेलच.

शहापूर_स्नायपर
@चंदगडी_काजू राग नाही हो. पण फोनवर अंगठ्यानं काच घासणं वेगळं आणि एल१ दाबून नेम धरणं वेगळं. आम्हाला नुसता गेम नको, *तोच* गेम पाहिजे. नूकटाउन नकाशातल्या पिवळ्या घराच्या वरच्या खिडकीत कोण बसणार यावरनं आम्ही खरंच भांडलोय आणि खरंच दोन दिवस बोललो नव्हतो.

येळ्ळूरची_ताई
पिवळ्या घराच्या खिडकीत बसणाऱ्याला परसातनं येऊन मागनं मारायचं असतं. मी आठवीत असताना दादाला तसंच मारायची, तो उठून स्क्रीनच बंद करायचा.

राउटर_अण्णा
हां, आता बसलोय निवांत. नॅटचं, म्हणजे राउटर बाहेरची जोडणी आत येऊ देतो की नाही त्याचं, नीट सांगतो कारण आपल्या भागात निम्म्या लोकांचं घोडं इथंच अडतं आणि माणूस म्हणतो सर्व्हर बंद पडला.

जुन्या कॉल ऑफ ड्यूटीत बहुतेक वेळा मॅच कंपनीच्या मशीनवर चालत नाही. कंपनीचा सर्व्हर फक्त जुळणी लावून देतो, हा हिथं आहे तो तिथं आहे एवढंच सांगतो. पुढं खेळणाऱ्यांपैकीच एकाचा कन्सोल होस्ट होतो आणि बाकीचे थेट त्याच्या घरी जोडले जातात. म्हणजे तुमच्या घराचं दार बाहेरून उघडता आलं पाहिजे. पीएस३ वर टाइप १ म्हणजे थेट, टाइप २ म्हणजे राउटरमागं पण दार उघडं, टाइप ३ म्हणजे दाराला कडी. टाइप ३ वाला टाइप ३ वाल्याला भेटूच शकत नाही. तुमचा खानापूरचा मित्र पण टाइप ३ असेल तर दोघं जन्मात एका लॉबीत येणार नाही.

आता कडी कुठं लागलेली असते? दोन जागी बघायचं. एक, फायबरवाल्यानं लावलेला डबा स्वतःच राउटर असतो, त्याच्यामागं तुम्ही आपला राउटर लावलेला असतो, म्हणजे दाराच्या आत अजून एक दार. पहिल्या डब्याला ब्रिज मोडवर (नुसतं नेट पुढं सोडायचं, राउटरचं काम नाही) टाकायला सांगा, मग आपल्या राउटरात यूपीएनपी (दार आपोआप उघडायची सोय) चालू करा किंवा यूडीपी ३०७४ पोर्ट पीएस३ कडं वळवा. दोन, आणि हा जास्त अवघड, नेटची कंपनी शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यानं सुरू होत असेल तर तुम्ही राउटरमध्ये काहीही करा, उपयोग नाही, कडी गल्लीच्या तोंडाला आहे. फोन करून पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागायचा, महिन्याला थोडे पैसे घेतात.

मोबाइल हॉटस्पॉटचा तर विचारच सोडा.

तिसरं_गेट
अण्णा हे कुठंतरी चिकटवून ठेवा कायमचं. मी सहा महिने वायर बदलालोय.

लाईट_गेली
माझं एक ध्यानात ठेवा, पीएस३ ला वायफायचा ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. फक्त २.४. नवीन राउटर दोन्हीचं एकच नाव ठेवतात, नाहीतर नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफायचं नवं कुलूप) लावून देतात, मग जुना कन्सोल पासवर्ड बरोबर असून पण जोडत नाही. २.४ ला वेगळं नाव द्या, डब्ल्यूपीए२ ठेवा. त्यापेक्षा सरळ लॅन वायर ओढा. शहापुरातलं घर असेल तर भिंती हातभर जाड, वायफाय माजघरातनं सोप्यात पण येत नाही.

शहापूर_स्नायपर
@लाईट_गेली घर बघून आल्यासारखं बोलालास की 😄 हातभर नाही, सव्वा हात आहे.

पुणेकर_पण_बेळगावचा
एक्सबॉक्सवाल्या मित्राबद्दल: त्याला नशीबवान म्हणा. एक्सबॉक्स वन आणि सिरीजवर ३६० चे बरेच गेम चालतात, ब्लॅक ऑप्स २ पण, आणि तो ३६० वाल्यांच्याच लॉबीत जातो. म्हणजे एकजण ३६० वर आणि एकजण सिरीज एक्सवर असला तरी एकत्र. २०२३ च्या जुलैत तिथली जुळणी कंपनीनं दुरुस्त केली तेव्हा इतकी गर्दी उसळली की दहा वर्षांपूर्वीच्या गेममध्ये सेकंदात लॉबी भरत होती. मी त्या आठवड्यात ऑफिसला डोळे लाल करून जात होतो.

पीएसवाल्यांचं दुखणं असं की पीएस३ चा सेल प्रोसेसर एकदम वेगळ्या घडणीचा, पीएस४ साध्या पीसीसारखा एक्स८६. त्यामुळं पीएस३ ची डिस्क पीएस४ मध्ये घातली तर काही होत नाही. पीएस५ पीएस४ चे गेम चालवतो, पण तीनचे नाही.

चंदगडी_काजू
म्हणजे माझंच बरोबर. तिघांनी जुना एक्सबॉक्स घ्या, विषय संपला.

पुणेकर_पण_बेळगावचा
@चंदगडी_काजू एक्सबॉक्सवर ऑनलाइनला महिन्याचे पैसे पडतात, पीएस३ वर ऑनलाइन पहिल्यापासून फुकट. पीएस४ वर पण प्लसचं सभासदत्व घ्यावं लागतं, वॉरझोनसारखे फुकटचे गेम सोडून. तीन कन्सोल घेण्यापेक्षा पुण्यातल्या एकानं जुना पीएस३ घेतलेला परवडतो.

गोकाकचा_गनर
आमच्या मॅचमध्ये माइकवर तीन भाषा चालायच्या. मी कानडी, एक मराठी, एक हुबळीचा. "हिंद नोडो" म्हटलं की सगळे मागं वळायचे, "मागं बघ" म्हटलं तरी वळायचे. एकदा समोरच्या टीममध्ये सांगलीचा एकजण निघाला, त्याला आमचं सगळं कळत होतं. आम्ही कुठं लपलोय ते आम्हीच त्याला दहा मिनिटं सांगालो होतो.

कुंदा_पावशेर
@गोकाकचा_गनर 😂😂 पोट दुखालंय

कॅम्पातला
थोडं वेगळं लिहितो. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, सुभेदार होऊन रिटायर झाले. मी मॉडर्न वॉरफेअर २ खेळताना ते मागं खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. एकदा मी सवयीप्रमाणं दोन गोळ्या मारल्या की मॅगझिन बदलायचो, ते बघून त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "उरलेल्या अठ्ठावीस कुठं गेल्या?" मी म्हटलं, बाबा त्या आपोआप परत खिशात जातात. ते म्हणाले, "कुणाच्या खिशात?" आणि परत पेपर वर.

नंतर मी विचारलं, खरं कसं असतं. म्हणाले, सगळ्यात जास्त वेळ वाट बघण्यात जातो. पाय ओले असतात. शेजारचा माणूस श्वास कसा घेतो ते ऐकू येतं. एवढंच. पुढं कधी काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मी मॅगझिन अर्धं झाल्याशिवाय बदलत नाही, आणि सांगू का, त्यानं गेम पण सुधारला.

येळ्ळूरची_ताई
@कॅम्पातला हे वाचून थांबले जरा. आमच्या गल्लीत पण तीन घरांत मिलिटरीवाले आहेत. सुट्टीवर आलेला काका आमच्याबरोबर खेळायला बसायचा तेव्हा कधी धावत कोपऱ्यावरनं वळायचा नाही, आधी थांबून बघायचा. आम्ही त्याला हळू म्हणून चिडवायचो. तो शेवटपर्यंत जिवंत राहायचा.

तिसरं_गेट
मूळ प्रश्नावर येतो. पब्लिक लॉबीत जाऊ नका हे माझं मत. पीएस३ चं कुलूप २०१० च्या शेवटाला फुटलं, तेव्हापासून मॉड केलेल्या मशीनवाले घुसतात. एकजण हवेत उडालाय, एकाला गोळी लागत नाही, तुमची लेव्हल आपोआप वर-खाली. वर थेट जोडणी असल्यानं समोरच्याला तुमचा आयपी दिसतो. मी एकदा एकाला माइकवर बोललो, पाच मिनिटात घरातलं नेट गेलं, राउटर बंद करून चालू केल्यावर आलं.

डिस्कवाला
@तिसरं_गेट नाही पटत. मी दर रविवारी ब्लॅक ऑप्स २ वर जातो, दहातल्या सात-आठ मॅच साफ असतात. टीम डेथमॅचला आपल्या रात्री लोक मिळतात कारण तेव्हा युरोपात संध्याकाळ असते. डॉमिनेशन, सर्च अँड डिस्ट्रॉय वगैरेला मात्र बसून राहावं लागतं. आणि कुणी उडालेला दिसला तर लॉबी सोडायची, भांडायचं नाही.

तिसरं_गेट
सात-आठ साफ म्हणजे दोन-तीन घाण. ज्याला महिन्यातनं एक रात्र मिळते त्याची तीच रात्र घाण झाली तर?

डिस्कवाला
हे मात्र खरं.

राउटर_अण्णा
तिघाच मित्रांना खेळायचं असेल तर पब्लिकला जायचंच कशाला? ब्लॅक ऑप्स २ मध्ये कस्टम गेम लावा, बॉट (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू) घाला. नाहीतर झॉम्बीज, सगळ्यांनी मिळून झोंबी मारायचे, चारजणांपर्यंत खेळता येतं. होस्ट ज्याचं नेट चांगलं तो. बेळगाव-खानापूर-पुणे एवढ्या अंतरात पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायचा वेळ, युरोपच्या होस्टपेक्षा कितीतरी कमी राहतो, गोळी मारली की लागते.

मलप्रभाकाठी
खानापूरकर हजर. तुमच्या इथल्या मित्राला सांगा, पावसाळ्यात यूपीएस घेतल्याशिवाय बसू नको. आमच्याकडं जुलैत कणकुंबीकडनं पाऊस सुरू झाला की लाईट दिवसातनं किती वेळा जाते मोजत नाही कोणी. पीएस३ चालू असताना लाईट गेली की पुढच्या वेळी फाइल सिस्टिम तपासत बसतो, आणि असं वारंवार झालं की कधीतरी हार्ड डिस्क उठतच नाही. माझी २०१८ ला गेली, सहा वर्षांचे झॉम्बीजचे राउंड गेले. चांगली गोष्ट अशी की आत साधी लॅपटॉपची अडीच इंची डिस्क असते, स्क्रू काढून आपण बदलू शकतो.

अजून एक. तारीख दरवेळी मागं जात असेल तर आतला सीआर२०३२ सेल संपलाय. पण तो वायर लावलेला येतो, घड्याळाच्या दुकानातला नुसता सेल बसणार नाही, तसा मागवा. आणि उघडलाच आहात तर थर्मल पेस्ट बदलून घ्या, धूळ काढा. पिवळा दिवा लागून मशीन बंद पडायची वाट बघू नका.

कुंदा_पावशेर
मशीन उघडायची कुणाकडं? मला भीती वाटते.

मलप्रभाकाठी
मोबाइल दुरुस्तीवाला चालेल, फक्त त्याच्यासमोर उभं राहा आणि रिबन केबल सावकाश काढायला सांगा. डिस्क ड्राइव्हची रिबन फार नाजूक, माझी तीच फाटली होती.

चंदगडी_काजू
बरं मी पण एक कबूल करतो. काल रात्री हा धागा वाचून लॅपटॉपवर पीएस२ चा एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकला आणि सोकॉम लावला. २००२ चा गेम, आम्ही चंदगडला नेट नव्हतं म्हणून कधी ऑनलाइन खेळलोच नाही, नुसता मेनू बघायचो. कंपनीनं ते सर्व्हर २०१२ ला बंद केले, पण चाहत्यांनी स्वतःचे उभे केलेत, डीएनएस बदलला की आत जाता येतं. रात्री साडेबाराला तिथं माणसं होती. एकानं विचारलं कुठला, मी म्हटलं इंडिया. वेलकम म्हणाला. वीस वर्षं जो मेनू उघडत नव्हता तो उघडला.

शहापूर_स्नायपर
@चंदगडी_काजू हे ऐकून लई बरं वाटलं. खरंच.

डिस्कवाला
मॅग आठवतो का कुणाला? पीएस३, २०१०, एका मॅचमध्ये २५६ जण. २८ जानेवारी २०१४ ला बंद. त्यात एकट्यानं खेळायचं काही नव्हतंच, त्यामुळं डिस्क आता नुसती चकती. माझ्याकडं आहे, विकत नाही.

राउटर_अण्णा
@शहापूर_स्नायपर काय झालं पुढं? गायबच झालात.

शहापूर_स्नायपर
सांगतो सांगतो. तीन आठवडे लागले.

आयपी बघितला तर त्या १००.६४ ते १००.१२७ मधलाच, म्हणजे अण्णा म्हणाले तेच, गल्लीच्या तोंडाला कडी. नेटवाल्यांना फोन केला, चार वेळा "होऊन जाईल" ऐकलं, पाचव्या वेळी ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा पब्लिक आयपी मिळाला. टाइप २ आला. खानापूरवाल्याचा डबा ब्रिज मोडवर टाकला, त्याचा पण टाइप २. मग पीएसएनवर (प्लेस्टेशनच्या ऑनलाइन सेवेवर) लॉगिनच होईना, पासवर्ड बरोबर असून. फर्मवेअर आधी नवीन टाकावं लागलं, आणि खात्याला टू-स्टेप लावलेलं असल्यानं पीएस३ वर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, वेबसाइटवरनं डिव्हाइस सेटअप पासवर्ड काढून तो घालायचा. यात माझे दोन दिवस गेले, म्हणून इथं लिहून ठेवतो, कुणाचे तरी वाचतील.

पुणेकर मित्रानं जुना स्लिम पीएस३ घेतला, डिस्क मी कुरिअरनं पाठवली, सोबत मिठाई म्हणून बेळगावचा कुंदा. डिस्क फुटू नये म्हणून कुंद्याच्या डब्याखाली ठेवली होती, पोचली तेव्हा कव्हरला तूप लागलेलं.

शनिवारी रात्री ११ ला लॉबीत तीन नावं दिसली. तिघंही पाच सेकंद गप्प. मग खानापूरवाला म्हणाला, "खिडकी माझी." नूकटाउन लावला, सहा बॉट, दीड वाजेपर्यंत. मध्ये त्याची लाईट गेली, यूपीएसवर राहिला (मलप्रभाकाठी, तुमचे आभार), माइकमधनं पत्र्यावरचा पाऊस ऐकू यालता. शेवटी झॉम्बीज, सतराव्या राउंडला मेलो.

येत्या शनिवारी परत ११ ला. झॉम्बीजला चौथी जागा रिकामी आहे.

येळ्ळूरची_ताई
मी येते. दादाचा पीएस३ माझ्याकडंच आहे, टाइप २, माइक आहे. आयडी मेसेजमध्ये पाठवते.

शहापूर_स्नायपर
या की ताई. पण मागनं मारायचं नाही.